रकाना क्रमांक अकरा

उपवनचं तळं मागे टाकून येऊरच्या चढाला लागलो.
बॅगेत चौदा पानांचा तपासणी नमुना.
नाक्यावर वनखात्याने नाव, गाडी नंबर, काम विचारलं.
लिहिलं : शाळा.

दोन खोल्या, एकोणतीस पोरं.
रंजिता दुमाडा वारलीतून शिकवतात,
पाच वर्षं, मानधन आलं तर आलं.
रॅम्प : आहे.
अग्निशामक : आहे, मुदत संपलेला.
संरक्षक भिंत : नाही.
बिबट्या येतो का, असा रकाना नाही.

रकाना अकरा : अध्यापनाचे माध्यम.
मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, सिंधी.
एकावर खूण करा.
बाई म्हणाल्या, "खाली जागा आहे की थोडी."
होती. शिक्क्यासाठी होती.

वाचनवेगासाठी जान्हीला पुढे बोलावलं.
माझ्या हातात घड्याळ, तिच्या हातात उतारा.
मिनिटाला सतरा शब्द. निकष पंचेचाळीस.
उतारा ठेवून ती आपणहून सांगायला लागली
खेकड्याची आयस पिल्लं पोटाखाली कशी नेते,
कुठल्या महिन्यात कुठल्या दगडाखाली
हात घालायचा नाही.
घड्याळ चालूच राहिलं.
शब्द मोजले नाहीत. मोजणार कसे,
निम्मे मला कळले नाहीत.

आयस.
आमच्या करावे गावात आवस म्हणत.
तिसरीत मी 'पानी' म्हणालो तेव्हा गुरुजींनी
तळहातावर पट्टीने 'ण' काढला.
आज माझा ण चोख आहे.
आवशीला फोन केला की
दोघांच्या मध्ये तोच उभा असतो.

जीआर वाचून दाखवला : पहिला टप्पा वीस टक्के.
बाईंनी विचारलं, थट्टेने नव्हे,
"वीस टक्क्यांत कुठले शब्द बसवू?
खेकडा ठेवू की दगड?
निकष लावा, नाही कुठे म्हणते.
पण ते ठरवताना आमच्यातलं कुणी बसू द्या.
खुर्ची आम्ही आणू."
म्हटलं, वर विचारून सांगतो.
वर म्हणजे खाली, ठाण्यात.

संध्याकाळी ऑफिसात
अकराव्या रकान्याखाली, शिक्क्याच्या जागेत,
पेनाने 'वारली' लिहिलं.
शिक्का बसायचा तिथेच बसला,
'ली' शाईखाली गेली.

संगणकावर चढवणारा पोरगा म्हणाला,
"साहेब, हा वार कुठला? तारीख तर वर आहे."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.