रिकामी खोबण

केंटमधल्या त्या शेतघरात एकही काटकोन नाही.
ॲव्हिस टोलहर्स्ट हसत सांगते,
स्वयंपाकघरात वाटाणा सांडला
तर आपणहून फडताळाखाली जातो.
चौतीस वर्षांचे वाटाणे आहेत तिथे.

ओक ओला असतानाच त्याचं घर केलं.
वाळल्या ओकावर तासणी बोथटते.
म्हणून हिवाळ्यात झाड पाडलं
आणि उन्हाळ्यात त्याचे खांब, तुळया, वासे झाले.
मग उभ्याउभ्या, कुणाच्या नकळत,
लाकूड वाळत गेलं, पिळत गेलं,
आपल्याच खुंट्या आवळत.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे आधी फिरले,
घर मुकाट मागून गेलं.

कोपऱ्यातला खांब खाली बारीक, वर जाड.
झाड उलटं लावलंय, मेरियट म्हणतो.
बुंधा वर हवा,
तीन बाजूंचं ओझं तिथे येऊन टेकतं.
मी फितीचं दुसरं टोक धरून उभा.
म्हणजे साडेपाचशे वर्षं
हे झाड शेंड्यावर उभं आहे,
आणि खालून माणसं जेवायला जातायत.

माळ्यावर आम्ही रांगत गेलो.
चूल तेव्हा मधल्या खणात, जमिनीवर.
धुराडं नव्हतं.
धूर आढ्याशी रेंगाळायचा,
मनात आलं की फटीतून निघायचा.
वासे अजून काळे. बोट लावलं,
बोटाला काही आलं नाही.
पुढे कुणा पणतवाने विटांचं धुराडं बांधलं,
मधल्या खणावर मजला टाकला,
आणि या वाशांना तेव्हापासून
खाली काय शिजतंय ते कळलेलं नाही.

भिंती कुडाच्या: हेझलच्या फोका, शेण, चिखल, पेंढा.
एका ठिकाणी चार बोटं उमटलीत,
लिंपणारीची.
मेरियटने त्यांचं माप घेतलं नाही.

प्रत्येक सांध्यावर कोरलेल्या रेघा.
एक, दोन, तीन, फुली.
घर आधी सुताराच्या आवारात आडवं जुळवलेलं,
मग सुटं करून बैलगाडीवर लादलेलं;
चिखलातून आलं तरी
सातव्या वाशाला आपली जागा माहीत होती.

पण मागच्या दाराशी, तुळईच्या पोटात,
एक खोबण आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद.
तिच्यात कुसू कधी आलंच नाही.
चार बोटांवर दुसरी, तिच्यात बसलंय.

चुकलं, मेरियट म्हणतो.
मी त्या पोराला नाव देऊन टाकलं. हॅमो.
चौदा वर्षांचा, रेघ दोनदा मारलेली,
दुपारभर चुकीच्या रेघेवर पटाशी,
ओल्या लाकडातून मनगटापर्यंत आलेलं पाणी,
कडा अशा नेमक्या की
कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं.
मग उस्तादाने माप घातलं.
पुढचं काय ते लाकडावर नाही.
तुळई तशीच चढवली.
झाड काही परत मिळत नाही.

दुरुस्तीच्या यादीत मेरियट लिहू लागला:
खोबण, ठिगळ, जुना ओक.

भरायची? ॲव्हिस म्हणाली.
तिने न बघता हात वर केला
आणि खोबणीतून किल्ल्या काढल्या.
मला वाटायचं
सुताराने ती यांच्यासाठीच केलीय.