येतो म्हणण्याआधी

लाखांदूरच्या अलीकडे, आमच्या घरी,
कंपायलर बांधून व्हायला अख्खी रात्र गेली.
लॅपटॉपची बॅटरी मेलेली, लाइन दोनदा गेली,
एकदा तर ब्याऐंशी टक्क्यांवर.
तेजराम कुशीवर वळून म्हणाला,
काहून जागून रायली तू?

पहाटे उतरले त्याच्या पोटात,
जिथं भाषा जवळपास संपते:
आण. मिळव. ठेव. उडी मार. परत.
बांधीत रोवणी करताना ओरडावीत
तेवढीच क्रियापदं.

मला एकच ओळ घालायची होती, मोजणारी.
घातली शेवटी, 'परत'च्या खाली.
त्यानं ती घेतलीच नाही.
'परत' म्हटल्यावर गठ्ठा मिटतो,
मागं काही चिकटत नाही.

तेवढ्यात साडेपाचची गाडी, बुटीबोरीची.
तेजराम दारातून म्हणाला, येतो.
मग आईला आठवलं
लाखोळीच्या डाळीचं पुडकं.
ते हातातच राहिलं.
निघालेल्याला मागून हाक देत नाहीत आमच्याकडं.

मी कर्सर वर नेला,
'परत'च्या आधी
एका ओळीची जागा केली.

आता चालतं.
दर हाकेला आकडा एकनं वाढतो.
पुडकं फळीवर आहे.