आल्याची काढणी

सव्वा एकर, वसनेच्या अलीकडं.
पहिल्या साली मी दोरी लावून वाफे पाडले,
एका रेषेत, तपासणीला उभे केल्यासारखे.
मालन बांधावरून बघत राहिली, मग म्हणाली,
"पाण्याला तुमचं सावधान-विश्राम कळतंय व्हय?"
त्या साली निम्मं बेणं कुजलं.

चोवीस वर्षं मनिऑर्डर माझी होती,
शेत तिचं.
सातबाऱ्यावर माझं नाव आहे, एवढंच.

थ्री फेज रात्री साडेबाराला येते.
मोटर चालू करून मी वाफ्यांतून फिरतो,
बॅटरी खाली धरून, तळव्यानं झाकून.
ती खोपीतून हसते:
"उजेड नीट पाडा की, हितं कोण टपलंय?"

आज काढणी.
कोरेगावच्या व्यापाऱ्याचा टेम्पो रस्त्याला लागलाय.
बाया कुदळ घालतात, बोलत बोलत, सरळ.
मला नाही जमत.
मी गुडघ्यावर बसतो, खुरपं तिरकं धरतो,
तीस अंशात, बोटभर. थांबतो.
परत बोटभर.
राजौरीच्या पुढं असंच माती चाचपत जायचो,
आणि माझ्या डावीकडं
नाईक लहू धायगुडे.

गड्डा हाती येतो, सबंध,
पाच बोटांचा, मूठभर माती धरून बसलेला.
मी ती लगेच झटकत नाही.

"अशानं शिमग्यापतोर चालंल," मालन म्हणते,
टेम्पोवाल्याला हातानंच थांब म्हणते,
कुदळ बांधाला टेकवते
आणि माझ्या डावीकडं बसून
खुरपं तिरकं धरते.