कठड्याला पाय

तेवीस नंबरचं डावं चाक अडतं.
बाकीची एकोणचाळीस यंत्रं, चहाच्या बशीएवढी,
पांढऱ्या टेबलावर कळपानं निघतात
आणि तेवीस जागच्या जागी गिरक्या घेतं,
देवळाबाहेर चप्पल शोधणाऱ्या माणसासारखं.

नियम मीच लिहिलेत. तीनच.
फार जवळ जाऊ नकोस.
फार लांब राहू नकोस.
शेजारी वळला की वळ.
आईनं विमानतळावर साधारण हेच सांगितलं होतं,
तिसरं सोडून.

डिसेंबरात ॲबरिस्टविथचा दिवस चारला आटपतो.
एलेरी कोट चढवत म्हणते, चल, आल्या असतील.

धक्क्याच्या लोखंडी खांबांवर समुद्र आपटतोय,
वर कुणीतरी काळं लुगडं झटकतंय.
झटकणारा हात मात्र सापडत नाही.
हजारो स्टार्लिंग. आमच्या भोरड्यांच्या चुलत बहिणी,
काकांच्या ज्वारीवर उतरायच्या त्या.
गोफण सुटायच्या आत थवा फुटायचा,
दगड गेला की पुन्हा सांधायचा.
मला वाटायचं, यांची एखादी म्होरकी असणार,
नेम तिच्यावरच धरायचा.
कितीतरी दगड वाया घालवले मी.

एलेरी सांगते, एकीचं लक्ष सहा-सात जणींवर.
बस, तेवढ्यावर एवढं आभाळ वळतं.
मी माझे मोजायला घेते:
एलेरी. खालच्या मजल्यावरचे प्रॉसर,
जे माझी पार्सलं घेऊन ठेवतात.
फोनवरची धाकटी.
चौथ्या बोटाशी थांबते, हातमोजा नीट करते.

मग मोरीत बादली उपडी करावी
तशा सगळ्याजणी धक्क्याखाली.
कलकलाट, विष्ठेचा उग्र दर्प,
वर खेळांच्या मशिनचे दिवे लागलेले.

आम्ही किनाऱ्यानं पार टोकापर्यंत जातो.
पुढचे आजोबा कठड्याच्या दांडीला
बुटाचं टोक मारतात आणि माघारी वळतात.
मग कुत्रावाली बाई. मग एलेरी.
का गं? विचारलं तर खांदे उडवते,
इथे सगळेच मारतात.
मीही मारला.
बुटातूनसुद्धा लोखंड गार लागलं.

रात्री प्रयोगशाळेत जाऊन
तेवीसचं चाक उघडलं.
आसाला एक केस गुंडाळला होता,
लांब, काळा. माझाच.