भवानी झाली का?

किसुमूत, किबुये बाजाराच्या मागच्या गल्लीत,
जोडे शिवायच्या माझ्या टपरीसमोर
अपोंडीनं पत्र्याचं दुकान थाटलं,
तेव्हा खरं सांगतो, मी नाक दाबलं होतं.
माशांची कातडी!
सरोवरातल्या मबूटाची, कारखान्यानं फेकलेली,
ती पोत्यानं आणायची, खरवडायची,
पपईच्या चिकात मुरवायची
आणि म्हणायची, याच्या पर्स होतील, ओगुटू बाबा,
नैरोबीच्या बायका खांद्यावर मिरवतील.

मटाटूत तिच्या शेजारची जागा रिकामीच राही.
आई म्हणाली, बँकेतली खुर्ची सोडून हे?
भाऊ हसला.
मशीनचे पैसे त्यानंच दिले होते,
म्हणून तिला धड चिडताही येईना.

पहिले अकरा दिवस मी गप्प.
बाराव्या दिवशी दिवेलागणीला
माझं स्टूल उचललं, तिच्या उंबऱ्यात टेकवलं.
"भवानी झाली का?"
"नाही."
"माझीही नाही," मी म्हणालो.
खोटं होतं. सकाळीच दोन टाचा बसवल्या होत्या.

मग ते रोजचंच झालं.
"किती?"
"भोपळा."
"माझाही."
एकदा म्हणाली, बाबा, आपण भोपळेच विकू या.
त्या महिन्यात तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

सल्ला माझ्यापाशी नव्हता.
सल्लेवाले चर्चच्या पायरीवर भेटत, नव्या बुटांत:
धीर धर, देव बघतोय, जिद्द सोडू नकोस.
ती मान डोलवायची, आणि रात्री
पापडासारख्या कडक झालेल्या कातड्यांशी
एकटी भांडत बसायची.

जूनमध्ये तीन दिवस वीज गेली.
फ्रीजरमधली सत्तर कातडी सडली.
गल्लीनं दारं लावून घेतली.
ती पिंपाला टेकून बसली होती, रडत नव्हती,
नखांत अडकलेले खवले काढत होती
एकेक.

होईल सगळं ठीक, असं अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.
आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं
ते सांगून बसलो:

माझं सायकलींचं दुकान बुडालं तेव्हा
आठ महिने रोझबेलाला मी कळू दिलं नाही.
रोज सकाळी धुतलेला शर्ट, हातात डबा,
दारात किल्ल्या खुळखुळवून निघायचो
आणि दिवसभर धक्क्यावर बसून
जलपर्णीत अडकलेल्या होड्या मोजायचो.
दुकान गेलं ते सोसलं, पोरी.
पण ज्यांना कुलूपच उरलं नव्हतं
त्या किल्ल्यांच्या आवाजानं मला अर्धा केला.

ती बराच वेळ खवले काढत राहिली.
मग म्हणाली,
"काकूंना शेवटी कळलं कसं?"
"तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.
तेव्हापासून डब्यात एक उकडलेलं अंडं जास्त असायचं.
मला वाटायचं, कोंबड्या चांगल्या निघाल्या."

मग आम्ही दोघांनी खड्डा खणला.
फावडं एकच होतं.
ती दमली की मी,
मी दमलो की, म्हणजे लगेचच, पुन्हा ती.
माती लोटून झाल्यावर तिनं आईला फोन लावला.
काय बोलली ते मी ऐकलं नाही,
मुद्दाम हातोडी ठोकत राहिलो.

सप्टेंबरात नैरोबीहून चाळीस पाकिटांची मागणी आली.
समोरच्या पत्र्यात रात्री उशिरापर्यंत मशीन.
माझं स्टूल माझ्याच टपरीत.
चांगलंच होतं की,
तरी त्या आठवड्यात मला कुणी काही विचारलं नाही,
आणि गिऱ्हाईकही फिरकलं नाही,
सगळ्यांनी म्हणे स्वस्तातले प्लॅस्टिकचे जोडे घेतलेत.

शनिवारी दहाच्या सुमाराला ती आली,
कोपरापर्यंत रंगलेली, तोच वास.
"बाबा, किती?"
"भोपळा," मी म्हणालो.
या वेळी खरं बोललो.

तिनं पायातली चप्पल काढली.
धड होती, मी पाहिली ना.
दोन्ही हातांनी पट्टा ओढून, माझ्यादेखत, तोडला.
"शिवून ठेवा.
सकाळी लागेल."