बोनीला फोनवर सांगायचं ते

लिहिताना माझी मराठी होते, बोलताना कोकणी.
तुला वाचता येणार नाही, मीच वाचून दाखवीन,
नाहीतर निम्मं विसरते आणि तुझा फोन कट होतो.

आधी कुलूप. ओढू नकोस. दार जरा वर उचल, मग किल्ली फिरव,
पावसात फुगलेलं लाकूड अजून पुरतं उतरलेलं नाही.
किल्लीला पेन्सिलचं शिसं घास. तेल नको,
तेलाला धूळ धरते.
तेलावरून आठवलं, खोबरेल सकाळी थिजलेलं असेल.
बाटली विस्तवावर धरू नकोस तुझ्या पप्पासारखी.
विहिरीच्या कठड्यावर ठेव, साडेआठला तिथे ऊन येतं.

पहिल्या रात्री आमच्याकडे झोप.
गाद्यांना दोन दिवसांची उन्हं लागतात,
एका दिवसात ओल नुसती आत सरकते.
चादरींत मी मार्चमध्ये लवंगा घातल्यात,
झटकताना डोळे सांभाळ.

पंपात आधी दोन कळशा पाणी ओत, मगच बटण दाब.
पहिलं पाणी लाल येईल. माडाला सोड.

नाचणी मी पेरते आहे चौदा तारखेला,
रात्रभर भिजवून, चार थाळ्यांत, वर ओलं फडकं,
दोन दिवस काळोखात, मग खिडकीत.
तू दिवाडीला पोचशील तोवर बोटभर शेत उभं असेल,
तुमच्या गोठ्यातल्या मेंढरांना पुरेल.
एका मेंढराचा पाय मोडलाय. काडी बांधलीय, गवतात दिसणार नाही.

नखेत्राच्या काड्या उंदरांनी खाल्ल्या.
नवं पणजीहून घे, फेरीत डोक्यावर धर, गर्दीत चेपतं.
आत एलईडी लाव. जुन्या दिव्यानं एकदा कागद पेटवला होता,
तू पाळण्यात होतास, एपिफान बादली घेऊन धावली
आणि बादलीत पेजेचं पाणी निघालं.

टेबलाचे चारी पाय वाट्यांत ठेव, मुंग्यांसाठी.
पाणी रोज बदल, डासांसाठी.
पावाची पिशवी फाटकाला अडकव, पैसे आतच घाल,
पोदेर नवा आहे, भोंपू वाजवतो नि थांबत नाही.

एकतीसला पोरं वाटेत दोरी धरून म्हाताऱ्यासाठी पैसे मागतील,
सुटे ठेव. पुतळ्याला घालायला
तुझ्या पप्पाची तपकिरी पँटही मागत होती.
मी दिली नाही. तू दे.
किंवा नको देऊ. घर तुझं आहे.

चमच्यांच्या खणात एक पिवळी फणी मिळेल.
केसांची नव्हे. टाकू नकोस.
कुलकुलं त्यावर वळायची, पिठाची गोळी दातांवर दाबून
आपल्याकडे ओढायची, अशी, म्हणजे,
फोनवर कसं दाखवू.
तीस वर्षं मी उंबऱ्यावर बसून पाहिलं,
हात कधी लावला नाही. तिनं म्हटलं नाही,
मीही विचारलं नाही.

दोदोल ढवळताना टोपाची कड सुटेपर्यंत थांबू नकोस.
तळाला लागला तर खरवडू नकोस,
वरचा वर दुसऱ्या टोपात काढ आणि कुणाला सांगू नकोस.
ती सांगायची नाही. मला वासावरून कळायचं.

अजून एक.
निळ्या काठाचं ताट माझ्याकडे राहिलंय, गेल्या नाताळचं.
चवथीला त्यात माझ्या नेवऱ्या तुमच्याकडे जायच्या,
पण यंदा चवथीला तुमच्याकडे कुलूप होतं.
रिकामं ताट परत करत नाहीत,
आणि नाताळात पाळी माझी नव्हे, तुमची.
मी रोज ते पुसते आणि उपडं ठेवते.

तू ये. बाजारातला केक आणलास तरी चालेल,
चॉकलेटं मात्र नकोत, दुपारी वितळतात.
ताट मी कुंपणावरून तुझ्या हातात देईन, रिकामंच,
एकदा रीत मोडू.

आणि फेरीला सुटे पैसे ठेव. नाही, मोटरसायकलीला लागतात,
चालत येणाऱ्याला फुकट. तू चालतच ये.