आहे त्या स्थितीत

नगरपालिकेचा गुरांचा दवाखाना, चोपडा.
चतुःसीमा, क्षेत्रफळ, सागवानी दारं आठ.
सातच आहेत. आठवं कुणाच्या चुलीत गेलं, सगळ्यांना ठाऊक.
लिलावाची नोटीस मीच टाइप केली:
आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी.

छत गळतंय, हे कळवणारे अर्जही
मीच फाईलला लावले होते.
तीन. की चार.

बोली पाऊण तासात संपली.
सावद्याचे झोपेशेठ, केळीवाले,
भिंतीतल्या लोखंडी कड्या हलवून बघतात:
"ह्या राहू द्या. कॉफीला येतील
त्यांच्या पर्सा अडकवायला."

नथ्थू ड्रेसर, रिटायर, दाराशी उभा.
चौथ्या कडीला हात लावून म्हणाला,
"हाई ढिली शे. आठे मारका बैल बांधू नका."

शेठ हसले नाहीत.
खिशातली वही काढून
लिहून घेतलं.